सही नसलेली चित्रं

डोंबिवलीला कोणी हवापालटासाठी जात नाही. मी चार दिवस तिकडे जातोय म्हटल्यावर सांगलीच्या आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला, "कोण आजारी आहे?" आणि दुसरा, "फ्लॅट घेताय की काय?" चित्रं बघायला जातोय असं सांगितल्यावर मंडळींनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि विषय द्राक्षांकडे वळवला.

चित्रं बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. चित्रकला महाविद्यालयात मी कलेचा इतिहास शिकवत असे. आमच्या विषयात एक प्रश्न वर्षाआड हमखास यायचा: 'आधुनिक भारतीय चित्रकलेतील भारतीयत्व स्पष्ट करा.' उत्तरही ठरलेलं. आपले चित्रकार पॅरिसला गेले, तिकडचं शिकले, मग आपण कोण हा प्रश्न त्यांना पडला आणि ते अजिंठा, लघुचित्रं, तंत्र, लोककला यांच्याकडे वळले. मुलं घोकून लिहीत आणि पास होत. जे पॅरिसला गेलेच नाहीत आणि कुठे वळलेही नाहीत, त्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही.

यशवंत तळेकर हे त्यातलेच. मूळचे कोकणातले, राहायला डोंबिवलीत, नोकरी ठाण्याजवळ कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी घरी बसून हार्डबोर्डवर मोठाली अमूर्त चित्रं केली, एकदाही प्रदर्शन भरवलं नाही आणि निवर्तले. आता एका संग्रहालयाला भारतीयत्वावरच मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. संग्रहालयाचे प्रमुख इनामदार माझे जुने स्नेही. तळेकरांच्या मुलीकडे, उषाताईंकडे, अकरा चित्रं आहेत, हे त्यांना कळलं, ते घाईत एकदा बघून आले आणि एक टिपण लिहून मोकळे झाले. काळा आणि पांढरा पट्टा म्हणजे पुरुष आणि प्रकृती. कुठल्याच चित्रावर सही नाही, कारण आपल्या लेण्यांतल्या अनामिक कारागिरांसारखा चित्रकारानं स्वतःचा अहंकार पुसून टाकला. पुढचा सविस्तर लेख मी लिहायचा होता. "तू फक्त परंपरेचा धागा पक्का कर," इनामदार म्हणाले. मी पिशवी भरली.

डोंबिवली

सांगलीची बस सकाळी शीळफाट्याला सोडते. तिथे उतरलेल्या माणसाला आपण नक्की कुठल्या गावात आहोत हे कळत नाही. चहूकडे ट्रक, वर उड्डाणपूल, आणि प्रत्येक जण दुसरीकडे निघालेला. रिक्षावाल्याला मी पत्ता दाखवला. डोंबिवलीत पत्त्यात पूर्व की पश्चिम हे लिहिलं नसेल तर तो पत्ताच नव्हे, हे ज्ञान मला पश्चिमेला उतरल्यावर झालं.

"काका, हे तर ईस्टला आहे ना," रिक्षावाला कागद उलटसुलट करत म्हणाला. "आधी बोलायचं ना यार. आता ब्रिजवरून फिरून जावं लागेल."

"तुम्ही वाचला होता ना पत्ता?"

"वाचलेला. पण तुम्ही एवढे कॉन्फिडंट बसलेले, मला वाटलं तुम्हाला माहितीये."

आम्ही ब्रिजवरून फिरून गेलो.

उषाताईंची इमारत तीन मजल्यांची, जुनी. जिन्यात पुनर्विकासाची नोटीस चिकटवलेली होती. दिवाळीच्या आत घरं रिकामी करायची. उषाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "सर, आधी चहा घेणार की चित्रं बघणार? चित्रं बघायची तर पलंग सरकवावा लागेल."

आम्ही पलंग सरकवला. पलंगामागे, कपाटामागे, मोरीच्या भिंतीला टेकून, अशी ती चित्रं निघाली. प्रत्येकावर खालच्या थरात काळे आणि पांढरे रुंद पट्टे, आणि त्यांच्यावरून एकच रंग एका हिसक्यात आडवा ओढलेला. कुठे राखाडी, कुठे विटकरी, कुठे सायीसारखा. रंग पातळ होता. पांढऱ्यावर तो उजळ दिसे आणि काळ्यावर आला की खालून काळं डोकावे, मुका मार लागल्यावर कातडीखाली दिसतं तसं. आयुष्यभर पुष्कळ पट्टे पाहिले, पण हे आपल्या ओळखीचे आहेत असं वाटत राहिलं आणि कुठली ओळख ते आठवेना.

"यांना भिंत मिळायला हवी हो," उषाताई म्हणाल्या. "बाबांच्या हयातीत नाही मिळाली. भाड्याच्या घरात यांना जागा नाही. पुतण्या म्हणतो शीळफाट्याला माझं गोदाम आहे, तिथे टाक. पावसात ते गळतं. म्हणजे एका पावसाळ्यात संपलंच. तुमच्या लेखावर आहे सगळं."

जेवायला कुळथाची पिठी, भात आणि बटाट्याची सुकी भाजी होती. आमच्याकडे पाहुण्याला कुळीथ वाढला तर सोयरीक मोडेल. इथे उषाताईंनी तो अभिमानानं वाढला आणि मी तीनदा घेतला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा भिंतीतल्या फडताळाचं दार पाहिलं. साधं लाकडी दार, पण हिरवा रंग इतका गुळगुळीत की ब्रशाचा एक ओरखडा नाही. सुंदर आहे, असं मी म्हणालो. "बाबांनीच रंगवलंय," त्या म्हणाल्या आणि दारापुढे उभ्या राहून मला पाणी दिलं.

कोलशेत

दुसऱ्या दिवशी परंपरेचा धागा शोधायला निघालो. डोंबिवलीहून खाडीवरच्या नव्या पुलानं ठाण्याकडे जाता येतं. कोलशेतला एकीकडे उंचच उंच इमारती आहेत आणि त्यांची नावं इटलीतली. दुसरीकडे खाडीकाठचा जुना कोळीवाडा. मधे जिथे कारखाना होता तिथे पत्र्याचं कुंपण आहे, त्यावर पोहण्याच्या तलावात हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. हे कुटुंब कुठल्या देशातलं, ते कळत नाही.

तळेकर काम सुटल्यावर खाडीवर जाऊन बसत, असं उषाताईंनी सांगितलं होतं आणि बाळारामदादांचं नाव दिलं होतं. दादा सत्तरी ओलांडलेले कोळी, डोक्यावर कुठल्याशा निवडणुकीतली टोपी. मी चिखलात उतरलो आणि माझा डावा बूट खाडीनं ठेवून घेतला. दादांनी तो बांबूनं काढून दिला, हसले मात्र नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

"तलेकर ना? तो रोज यायचा. हितं बसाचा, होऱ्या बगत," ते म्हणाले आणि मला एका पालथ्या घातलेल्या जुन्या होडीजवळ घेऊन गेले. "ही माझे बापाची होरी. हीच बगून त्यानी चित्रा काढली."

मी बघतच राहिलो. होडीच्या अंगावर आडवे पट्टे होते. पिवळा, निळा, आणि खालून डोकावणारा काळा. तेच. अगदी तेच! मी तिथूनच, एका पायात बूट आणि एका पायात चिखल अशा अवस्थेत, इनामदारांना फोन लावला. "सापडलं. कोळ्यांची होडी. लोककला. धागा पक्का."

"मला वाटलंच होतं," इनामदार म्हणाले. "परवा मी स्वतः येतो. फोटो काढून ठेव."

दादांच्या सुनेनं जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, डोळे बाहेर आलेला मासा. आमची जीभ मटणावर वाढलेली, त्यामुळे काट्यांशी माझी ओळख वरवरची. दादांची नात मला शिकवत होती, "आजोबा, असा नाय, डोक्याकडून धरा." चव मात्र अशी की मी फोटो काढायचे विसरलो.

हात धुताना सहज विचारलं, "दादा, होडीला असे पट्टे काढायची पद्धत केव्हापासून?"

"पद्धत? पद्धत कंची? पयले निसता डांबर फासाचे. सगल्या होऱ्या काल्या कुट्ट."

"मग रंग?"

"तलेकरनी आनला ना. कंपनीत फेकाचे डबे व्हते, ते त्यानी बापाला दिले. आमी लावला. पन तो रंग कय बसं ना. खालना डांबर दिसाचा. बापूस बोलला, ऱ्हाऊ दे, मासली काय रंग बगून जाल्यान येतं?"

म्हणजे चित्रकारानं होडीवरून घेतलं, आणि होडीनं चित्रकाराकडून. कोंबडी आधी की अंडं, ते कालवणात विरघळून गेलं होतं. दादांना यात काही अडचण दिसत नव्हती. "आमचीच होरी हाय ती," निघताना ते पुन्हा म्हणाले. "तुमच्या मुजियममधे लिवा तसा."

मी पुलावरून परत येताना इनामदारांना फोन करायला हवा होता. केला नाही. गरम गरम आनंद परत मागून घ्यायला जीव होत नाही.

पुन्हा डोंबिवली

तिसऱ्या दिवशी मी उषाताईंना होडीची गोष्ट सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. हसल्या. मग उठल्या आणि फडताळाचं ते हिरवं दार उघडलं.

आत मसाल्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या. आणि प्रत्येक फळीवर, वर्तमानपत्र अंथरतात तशी, कार्डं अंथरलेली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाड कार्डं. प्रत्येकावर एक रंग आडवा ओढलेला.

मला क्षणभर वाटलं, ही चित्रांची पिल्लं आहेत.

"कारखान्यातली आहेत," उषाताई म्हणाल्या. "बाबा तिथे रंग जुळवायचे. नवा रंग तयार झाला की या कार्डावर ओढायचा आणि वाळू द्यायचा. खालचा काळा पट्टा पूर्ण झाकला गेला, तर रंग पास. बाबा मागे सही करायचे, मग माल बाहेर. काळं दिसलं तर नापास. नापास कार्डावर सही करायची नाही, हा नियम. ते डबे फेकून द्यायचे. बाबा त्यातले थोडे घरी आणायचे आणि रविवारी बोर्डावर ओढायचे."

"म्हणजे चित्रांवर सही नाही ती..."

"नापास रंगांवर सही कशी करणार? हात वळलाच नसता त्यांचा."

मी बरणी बाजूला करून एक कार्ड उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"हे तुम्ही इनामदारांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी दार लावलं. "ते आले तेव्हा मी चहा गाळत होते. ते म्हणाले पुरुष आणि प्रकृती. मी म्हटलं, असेल बाई. मग म्हणाले अहंकार पुसला. मी मनात म्हटलं, काय हवं ते म्हणा, भिंत द्या. आता तुम्ही विचारत फिरताय, खाडीत बूट रुतवून आलात. तुमच्याशी खोटं बोलायला जड गेलं. पण सर, हे लिहिलंत तर ते चित्रं घेतील?"

बहुधा नाही, असं मी खरं ते सांगितलं. भारतीयत्वाच्या प्रदर्शनात कारखान्याच्या तपासणी कार्डाला कोण विचारतो? तीच कार्डं जर्मनीतल्या कारखान्यातही असणार. उषाताई परत तांदूळ निवडायला बसल्या. निवडून झालेलेच तांदूळ त्या निवडत होत्या.

त्या रात्री, कल्याणच्या ज्या लॉजवर उतरलो होतो तिथे, मी लेखाचे दोन मसुदे डोक्यात जुळवले. एक इनामदारांना आवडणारा, एक खरा. पहिला फार छान वठत होता.

इनामदार येतात

इनामदार दोन तास शीळफाट्याला अडकून, घामाघूम होऊन आले. त्यांना होडीचे फोटो हवे होते. मी त्यांना आधी होडीची हकीकत सांगितली आणि मग उषाताईंनी फडताळ उघडलं.

इनामदारांनी कार्ड हातात घेतलं, चित्रांसमोर धरलं, परत ठेवलं. ते मूर्ख नाहीत. सगळं त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं, आणि म्हणून ते जास्त वैतागले.

"मग यात भारतीय काय उरलं?" ते मला म्हणाले. "दारात पाटी लावू का, 'नापास रंग'? संग्रहालयाच्या समितीपुढे मी काय सांगू?" मग उषाताईंकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "ताई, आपण आधीचंच टिपण ठेवू. पुरुष-प्रकृती म्हणजे खोटं नव्हे, ते एक वाचन आहे. कार्डांचा उल्लेख कशाला? चित्रं घेऊन जायला पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो."

मी उषाताईंकडे पाहिलं. त्यांना हवी होती ती भिंत समोर आली होती, फक्त हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो. म्हणून टाका.

"पट्ट्यांना काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही. पण बाबांनी सही का केली नाही, ते मला माहिती आहे. ते अहंकार पुसायला बसले नव्हते. त्यांना पास झालेलं आणि न झालेलं यातला फरक कळत होता, आणि त्यांनी एकदाही त्यात लबाडी केली नाही. ते लिहिणार नसाल तर राहू देत. गोदाम आहे."

मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच. इनामदार रुमालानं मान पुसत म्हणाले, "पंखा जरा वाढवता का?"

पंखा आधीच पाचवर होता. छताचा जुना, जड पंखा. इनामदारांनी वर पाहिलं आणि बघतच राहिले. मग भिंतीला टेकलेल्या एका चित्राकडे पाहिलं, ज्यात सायीचा रंग होता, किंचित हिरवट, आणि खालून काळं डोकावत होतं. परत वर पाहिलं.

"बंद करा जरा," ते म्हणाले.

पंखा हळूहळू थांबला. पात्यांचा रंग तोच होता. फक्त इथे काळं दिसत नव्हतं.

"हा आमच्या घरी होता," इनामदार म्हणाले. "लहानपणी मला टायफॉइड झाला, तेव्हा महिनाभर मी याच्याखाली पडून होतो. साताऱ्याला."

"असणारच," उषाताई म्हणाल्या. "पंख्याचा हा रंग बाबांनीच पास केलेला. सगळीकडे जायचा. राखाडी आहे तो कचेऱ्यांमधल्या कपाटांचा. विटकरी आहे तो शाळांच्या बाकांच्या पायांचा."

मी राखाडी चित्राकडे वळलो. पेन्शनच्या कागदांसाठी ज्या लोखंडी कपाटासमोर मी कित्येक दुपारी उभा राहिलो, ते कपाट माझ्यासमोर होतं, आणि त्याच्या खालून अंधार डोकावत होता. पहिल्या दिवशी कुठली ओळख आठवत नव्हती, ते मला आत्ता कळलं. मी इतकी वर्षं मुलांना अजिंठ्याकडे पाठवत होतो आणि आम्ही सगळे या रंगांखाली झोपत होतो, ताप काढत होतो, परीक्षेला बसत होतो. देश म्हणतात तो एवढा डोक्यावर फिरत असताना कोणी वर बघितलं नव्हतं.

इनामदार उठून सायीच्या रंगाच्या चित्राजवळ गेले आणि उकिडवे बसले. त्यांच्या वयाला ते सोपं नव्हतं. "समितीत सगळे माझ्याच वयाचे आहेत," ते चित्राकडे बघत म्हणाले. "प्रत्येकाच्या घरी हा पंखा असणार." थोड्या वेळानं, "चहा होईल का, ताई?"

सांगली

परत आल्यावर मी खरा लेख लिहिला. इनामदारांना आवडणाऱ्या मसुद्यासारखा तो वठला नाही, जागोजागी खडबडीत राहिला. समितीनं दोन बैठका खाल्ल्या. एका सदस्यानं विचारलं, म्हणे, की याला कला म्हणायचं की कारखान्याचा कचरा. इनामदारांनी त्याला घरच्या पंख्याचा रंग विचारला. अकराही चित्रं घ्यायची ठरली. पाटीवर पुरुष-प्रकृती नाही. होडीचा उल्लेख आहे, कोणी कोणाकडून घेतलं ते न ठरवता. बाळारामदादांना ते पुरेसं नाही, त्यांनी निरोप धाडलाय.

गाडी चित्रं घेऊन गेली त्या संध्याकाळी उषाताईंचा फोन आला. बाबांना भिंत मिळाली, असं त्या दोनदा म्हणाल्या आणि रडल्या. मग नाक शिंकरून म्हणाल्या, "उद्या सुताराला बोलावलंय. फडताळाचं दार काढून घ्यायचंय."

"नवीन घरात ते बसेल?"

"कुठलं बसतंय! तिथे सगळं मॉड्युलर. नुसतं भिंतीला टेकवून ठेवीन." मग हळू आवाजात म्हणाल्या, "इनामदारांना सांगू नका हं. आईनं हट्ट धरला म्हणून बाबांनी ते रंगवलं होतं. जुनं दार धुरानं काळं झालेलं. ओढायचे, वाळवायचे, बघायचे, परत घासायचे. आई म्हणाली, पुरे आता. तरी ऐकेनात. शेवटी एकदा काळं दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात सही केली."